कलपाच्या पुडीवरचं वाक्य

गाजियाबादच्या कुठल्याही गल्लीतल्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी कलपाच्या पुड्यांची माळ लटकलेली दिसते. जळगावात, साताऱ्यात, सावंतवाडीतही हेच चित्र. पुडी फाडायची, पाण्यात कालवायची, जुन्या ब्रशने केसांना लावायची आणि अर्ध्या तासाने डोकं धुवायचं. हे इतकं सवयीचं झालंय की पुडीच्या पाठीवर काय छापलंय ते कुणी वाचत नाही. वाचायला जावं तर अक्षरं अतिशय बारीक, आणि ज्यांना कलप लागतो त्या वयात चष्म्याशिवाय ती दिसतही नाहीत.

तिथे छापलेल्या इशाऱ्याचा आशय असा : या उत्पादनातल्या घटकांमुळे काही जणांच्या त्वचेचा दाह होऊ शकतो, म्हणून सोबतच्या सूचनांप्रमाणे आधी चाचणी घ्यावी. पापण्या किंवा भुवया रंगवण्यासाठी हे वापरू नये. तसं केल्यास अंधत्व येऊ शकतं.

अंधत्व! तेलाच्या बाटलीवर, पावडरच्या डब्यावर, साबणाच्या वेष्टणावर असा शब्द नसतो. केसांच्या रंगावर तो आहे, कारण कायद्याने तो छापायला लावलाय. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये ही सक्ती आली आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० मध्येही ती कायम राहिली. पॅरा-फेनिलिनडायअमिन किंवा तत्सम रंगद्रव्यं असलेल्या प्रत्येक कलपाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही वेष्टणांवर हा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असलाच पाहिजे. मात्र या वाक्याचा जन्म भारतात झालेला नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातलं वाक्य आपल्याकडे जवळजवळ शब्दशः आलं. आणि त्या कायद्यामागे काही बायकांचे गेलेले डोळे होते.

१९३३ च्या सुमारास अमेरिकेतल्या पार्लरांमध्ये 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या आणि भुवयांचा रंग मिळत असे. त्यात पॅरा-फेनिलिनडायअमिन होतं. हे नाव लांबलचक असल्यामुळे डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ नुसतं पीपीडी म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा रंग लावून घेतलेल्या काही बायकांच्या पापण्या सुजल्या, डोळ्यांत पू झाला, बुबुळांवर व्रण पडले. काहींची दृष्टी गेली आणि एकीचा जीव गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला हे सगळं दिसत होतं, तरी ते उत्पादन बाजारातून काढून घेता येत नव्हतं. तेव्हाचा १९०६ चा कायदा फक्त अन्न आणि औषधांपुरता होता. सौंदर्यप्रसाधनांचा त्यात उल्लेखच नव्हता. मग त्या खात्याने असल्या उत्पादनांचं आणि त्यांच्या बळींच्या छायाचित्रांचं एक प्रदर्शन मांडलं. वर्तमानपत्रांनी त्याला 'भयालय' म्हणावं अशा अर्थाचं नाव दिलं. लोकमत तापलं आणि १९३८ मध्ये नवा कायदा झाला.

इथे एक बारकावा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्या नव्या कायद्यात घातक घटक असलेलं सौंदर्यप्रसाधन बेकायदा ठरलं, पण डांबरापासून बनवलेल्या केसांच्या रंगांना सूट मिळाली. अट एकच : पुडीवर हा इशारा छापायचा. डोळ्यांच्या रंगाला सूट नाही, केसांच्या रंगाला आहे. म्हणजे आपण ज्याला सावधगिरीची सूचना समजतो, ते वाक्य मुळात एका सवलतीची किंमत म्हणून छापलं गेलं. धोका मान्य केला, उत्पादन चालू ठेवलं आणि जबाबदारी वाचणाऱ्याच्या अंगावर टाकली. आज गाजियाबादमधली एखादी आजी पांढऱ्या केसांना कलप लावते तेव्हा ती याच सवलतीच्या छायेत बसलेली असते.

पीपीडीची गोष्ट त्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात दगडी कोळशाच्या डांबरातून एकामागून एक रंग निघू लागले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला लंडनमध्ये जांभळा रंग अनपेक्षितपणे हाती लागला. त्याचे गुरू ऑगस्ट हॉफमन यांनी पुढे पीपीडीचं वर्णन केलं. हे रसायन स्वतः जवळजवळ रंगहीन असतं, पण हवेतल्या ऑक्सिजनशी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की काळवंडत जातं. १८८० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीत जनावरांची लोकर आणि माणसांचे केस रंगवण्यासाठी त्याची पेटंटं घेतली गेली. १९०७ मध्ये यूजीन श्युलेर या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसच्या न्हाव्यांना स्वतः बनवलेला केसांचा रंग विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्याने जी कंपनी काढली तिच्या नावातच 'निरुपद्रवी केशरंग' असे शब्द होते. आजची लोरिआल ती हीच. रंग निरुपद्रवी आहे हे मुद्दाम सांगावं लागत होतं, यावरून त्या काळातल्या इतर रंगांची काय ख्याती होती ते कळतं.

पीपीडीला सव्वाशे वर्षांत पुरता पर्याय मिळाला नाही, याचं कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्याचा रेणू फार लहान असतो. कलपातला अमोनिया किंवा त्याच्यासारखा दुसरा क्षार केसाच्या बाहेरचे खवले उघडतो आणि पीपीडी आत शिरतं. आत त्याचं ऑक्सिडीकरण होतं. रिसॉर्सिनॉलसारख्या जोडीदार रसायनाशी त्याची सांगड बसते आणि मोठे, गडद रंगाचे रेणू तयार होतात. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोवळी काकडी सोडून वेलावरच वाढू दिली तर ती बाहेर काढता येत नाही, तसे हे रेणू केसात अडकून बसतात. म्हणून कितीही वेळा डोकं धुतलं तरी रंग टिकतो. पण जो लहानपणा केसात शिरायला कामी येतो, तोच कातडीत शिरायलाही येतो. कातडीतली विकरं थोड्या पीपीडीचं निरुपद्रवी रूपांतर करून टाकतात. त्यामुळे बहुतेकांना वर्षानुवर्षं काही होत नाही. रसायन जास्त असेल, पुनःपुन्हा लागत असेल, कातडी फाटलेली असेल किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा एकदा बिथरली असेल, तर मात्र गणित फिसकटतं.

बिथरते म्हणजे काय होतं, तेही समजून घ्यायला हवं. पहिल्या वापरात सहसा काही घडत नाही. शरीर त्या रसायनाची ओळख मात्र करून ठेवतं. मग दहाव्या, पन्नासाव्या किंवा शंभराव्या वापरानंतर एके दिवशी कपाळावर, कानांमागे, मानेवर खाज सुटते. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटतात, पुरळ उठतं, पाणी वाहू लागतं. 'इतकी वर्षं हाच कलप लावते, आजवर काही झालं नाही,' असं रुग्ण डॉक्टरांना सांगतात. तो कलप सुरक्षित असल्याचा हा पुरावा नाही. ॲलर्जी व्हायला तीच वर्षं कारण ठरलेली असतात. एकदा ही ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते आणि एकट्या कलपापुरती राहत नाही. दाताच्या डॉक्टरकडची भूल देण्याची काही औषधं, सल्फा गटातली काही औषधं, कपड्यांतले काही रंग, काळ्या रबरातली काही रसायनं यांच्याशीही ती जुळू शकते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ साली पीपीडीला त्या वर्षीचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केलं होतं. आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो. कलप लागणाऱ्या जागी, म्हणजे कपाळाच्या कडेला किंवा दाढीत, कातडीचा रंगच जातो. लोक त्याला कोड समजून खचून जातात. कपाळ आणि गालांवर काळपट-राखी डाग पडणारेही बरेच असतात. त्यांतले किती तरी जण ते डाग झाकायला क्रीम लावत बसतात आणि कलप चालूच ठेवतात.

आता मेंदीविषयी. गाजियाबादच्या तुराबनगर बाजारात करवा चौथच्या आधीच्या दिवसांत मेंदीवाल्यांपुढे रांगा लागतात. लग्नसराईत तर विचारूच नका. मेंदी रंगवते ते लॉसोन या रंगद्रव्यामुळे, आणि त्याचा रंग केशरी ते लालसर तपकिरी असतो. मेंदीच्या पानांतून काळा रंग निघत नाही. कुठल्याही देशातल्या, कुठल्याही मातीतल्या मेंदीतून निघत नाही. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत मेंदी असेलही, पण काळेपणा पीपीडीचा असतो. पुडीवर हिरवी पानं, जडीबुटीची चित्रं आणि 'हर्बल' हा शब्द असतो. बाजू उलटून घटकांची यादी पाहिली की ते लांबलचक नाव सापडतं. यादीच नसेल तर ती पुडी घेऊच नये. 'अमोनिया नाही' असं ठळक अक्षरांत लिहिलेल्या कलपांचंही तसंच. अमोनियाचा वास गेला, त्याच्या जागी दुसरा क्षार आला, पीपीडी किंवा त्याचा सख्खा भाऊ टोल्यूइनडायअमिन जागच्या जागी राहिला. हातावर चटकन गडद, काळी नक्षी उमटावी म्हणून कोनातल्या मेंदीत पीपीडी मिसळलं जातं तेव्हा धोका आणखी वाढतो. केसांना लावलेला कलप अर्ध्या तासात धुतला जातो, हातावरची नक्षी मात्र थेट कातडीवर तासन् तास वाळते. काही दिवसांनी त्याच नक्षीच्या रेषांवर फोड उठतात. लहान मुलांना अशी मेंदी लावली तर त्यांना कोवळ्या वयातच जन्मभराची ॲलर्जी लागू शकते. ज्यांना खरोखर वनस्पतीचा रंग हवाय त्यांनी आधी मेंदी आणि मग निळीच्या पानांची पूड लावावी. वेळ जातो, रंग पुडीतल्या कलपाइतका काळाभोर येत नाही, पण पीपीडी टळतं. निळीची पूडही घटक वाचूनच घ्यावी.

इथवर आपण कातडीविषयी बोललो. कलप पोटात गेला तर काय होतं, हा या प्रकरणाचा अधिक गंभीर भाग आहे.

गाजियाबादहून सुमारे चारशे किलोमीटरवर, त्याच उत्तर प्रदेशात, झाशी आहे. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या डॉक्टरांपुढे बुंदेलखंडातल्या खेड्यांतून एक विचित्र आजार येऊ लागला. चेहरा आणि मान सुजलेली, जीभ तोंडात मावत नाही, श्वास घरघरतो, लघवी गडद तपकिरी. चौकशीत एकच गोष्ट पुढे येई : पोटात कलप गेलेला असे. रुग्णांत तरुण स्त्रिया जास्त. २०११ मध्ये त्या डॉक्टरांनी आपला अनुभव 'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया' या नियतकालिकात मांडला. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २००७ मध्येच अशा रुग्णांविषयी लिहिलं होतं, तेही मुंबईत परळच्या केईएममधून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये. मदुराई आणि वेल्लोरच्या रुग्णालयांतूनही त्याच सुमारास अशी वर्णनं आली. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलं, मुंबईतल्या नियतकालिकांनी छापलं. घराघरातल्या माणसापर्यंत ते पोचलं नाही.

भारताबाहेरही हे घडत होतंच. सुदानमध्ये मेंदी लवकर रंगावी म्हणून तिच्यात पीपीडी मिसळायची पद्धत आहे. खार्टूमच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुलांमधल्या विषबाधेची नोंद केली होती. मोरोक्कोत एका झाडाच्या गाठींपासून केस रंगवण्याची जुनी रीत होती. त्या गाठी महाग झाल्या, त्यांच्या जागी त्याच नावाने पीपीडी विकलं जाऊ लागलं आणि रुग्णालयं भरू लागली. पाकिस्तानच्या दक्षिण पंजाबात आणि आपल्या बुंदेलखंडात हे रसायन खड्यांच्या रूपात सुटं मिळतं. लोक त्याला 'काला पत्थर' म्हणतात. ब्रँडच्या पुडीत पीपीडी इतर घटकांत मिसळलेलं तरी असतं, या खड्यात मुख्यतः तेच असतं.

शरीरात गेल्यावर पीपीडीचा यकृतात आणि रक्तात ऑक्सिडीकरणाने क्विनोनडायइमिन नावाचा अतिशय आक्रमक पदार्थ बनतो. पहिल्या काही तासांतच चेहरा, जीभ, घसा आणि मान सुजू लागते. श्वासनलिकेचं तोंड बंद होत जातं. बहुतेक मृत्यू या सुरुवातीच्या टप्प्यात गुदमरून होतात. इथे वेळ गाठली तर मानेला छेद देऊन श्वासाला वाट करून देता येते आणि माणूस वाचतो. दुसरा टप्पा स्नायूंचा. पीपीडीमुळे स्नायूंच्या पेशींतल्या साठ्यांमधून कॅल्शियम सुटतं. स्नायू आखडतात, दुखतात आणि तुटू लागतात. तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे लाल प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात पोचतं आणि तिथल्या बारीक नळ्या तुंबवतं. म्हणून लघवी तपकिरी होते आणि एक-दोन दिवसांत कमी होत होत बंदही पडते. हृदय हाही स्नायूच, त्यालाही दाह होतो, ठोके चुकू लागतात. काही द्रवरूप कलपांतल्या इतर घटकांची त्यात भर पडते. रिसॉर्सिनॉलमुळे झटके येऊ शकतात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं.

या विषावर उतारा नाही. साप चावला तर प्रतिविष आहे, काही कीटकनाशकांवर ॲट्रोपिन आहे, इथे तसं काही नाही. डॉक्टर श्वासाची वाट मोकळी ठेवतात, शिरेतून भरपूर सलाईन देतात, मूत्रपिंडं थांबली तर डायलिसिस करतात, हृदयावर नजर ठेवतात. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडही देतात. ऐकायला हे साधं वाटतं, पण अतिदक्षता विभाग, रात्री-अपरात्री मानेला छेद देऊ शकणारा माणूस आणि डायलिसिसचं यंत्र या तिन्ही गोष्टी एका छताखाली असाव्या लागतात. गाजियाबादकरांना त्या तुलनेने जवळ आहेत. जिल्हा रुग्णालय शहरातच आहे, हद्द ओलांडताच दिलशाद गार्डनला गुरू तेगबहादूर रुग्णालय आहे, पुढे एम्स आहे. बुंदेलखंडातल्या किंवा मेळघाटातल्या माणसाला हाच प्रवास अर्ध्या दिवसाचा होतो, आणि मान सुजायला अर्धा दिवस लागत नाही. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे : या आजारात बंद पडलेली मूत्रपिंडं बहुधा कायमची निकामी होत नाहीत. पहिले काही दिवस तगलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. लवकर पोचलेला माणूस आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो.

प्रौढांमधल्या अशा विषबाधेचे पुष्कळ प्रसंग भांडणाच्या, अपमानाच्या, घुसमटीच्या एखाद्या क्षणी घडलेले असतात. त्यांविषयी बोलायला संकोच वाटतो, तरी बोललं पाहिजे. जीव द्यावासा वाटण्याची ती लाट सहसा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरते, आणि त्या वेळी हाताशी विष नसेल तर माणूस बहुधा दुसरा मार्ग शोधत बसत नाही. श्रीलंकेने याचं मोठं उदाहरण घालून दिलं. तिथे सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. घरातलं दुःख कायद्याने संपलं नाही, पण माणसं वाचली. घरात कुणी खचलेलं असेल, बोलायचं बंद झालं असेल, तर कलप, फिनेल, उंदराचं औषध हे सगळं नजरेआड करावं आणि त्या माणसाजवळ बसावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलायला उपलब्ध आहे.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. म्हणून साधी गोळी औषधाच्या दुकानात मिळते, पण कलप पानाच्या टपरीवरही मिळतो. युरोपीय संघात डोक्याला लावायच्या तयार मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. आधी ही मर्यादा ६ टक्के होती, ती उतरवली गेली. ब्रँडच्या पुड्यांवर नियंत्रण ठेवणं अवघड असलं तरी शक्य आहे. पण सुट्या खड्यांची विक्री हा सरळसरळ विषाचा व्यापार आहे, आणि तो थांबवायला नवा कायदाही लागत नाही. विष अधिनियम, १९१९ राज्यांना विषारी पदार्थांची विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार देतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले : ओळखपत्र पाहा, नोंद ठेवा, अल्पवयीनांना देऊ नका. सुट्या पीपीडीला हीच वागणूक मिळाली पाहिजे. ते केस रंगवायला वापरतात एवढ्यावरून ते सौंदर्यप्रसाधन ठरत नाही.

आणि गाजियाबादचा या विषयाशी एक थेट संबंध आहे. राजनगरच्या सेक्टर २३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनचं मुख्यालय आहे. भारतातल्या औषधांची मानकं तिथे ठरतात. शिवाय एप्रिल २०११ पासून औषधांच्या दुष्परिणामांची देशभरातून येणारी माहिती याच इमारतीत गोळा होते. एखाद्या गोळीने नागपुरात पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी अर्ज भरला, तर ती नोंद इथे पोचते, तपासली जाते आणि गरज पडल्यास औषधाच्या माहितीपत्रकात इशारा वाढवला जातो. रुग्णही १८०० १८० ३०२४ या क्रमांकावर स्वतः कळवू शकतो. ही व्यवस्था औषधांसाठी उभी राहिली. केसांच्या रंगाने घसा सुजलेल्या मुलीची, पापण्या सुजून डोळे मिटलेल्या गृहिणीची किंवा हाताची कातडी सोलवटलेल्या न्हाव्याची नोंद अशा शिस्तीने कुठे होत नाही. युरोपात सौंदर्यप्रसाधनाचा गंभीर दुष्परिणाम सरकारला कळवणं उत्पादकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे ती माहिती एखाद्या जागरूक डॉक्टरच्या लेखापुरती उरते. यंत्रणा आहे, प्रशिक्षित माणसं आहेत, रुग्णालयांचं जाळं आहे. त्यात कलपाचा रकाना घालायचा एवढंच काम आहे, आणि ते केलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

न्हाव्याचा उल्लेख आलाच आहे, तर कर्करोगाचा प्रश्नही ओझरता पाहू. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी १९७५ मध्ये बाजारातले १६९ केशरंग जिवाणूंवर तपासले. त्यांतले १५० जनुकांत बदल घडवणारे निघाले. त्यानंतर काही घातक रसायनं कलपांतून गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये निष्कर्ष छापला : केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना होणारा संपर्क बहुधा कर्करोगकारक आहे, घरी स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांबाबत मात्र पुरावा ठरवण्याइतका पुरेसा नाही. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी कलप लावणाऱ्याने घाबरून जाऊ नये, पण दिवसभर दहा डोकी रंगवणाऱ्या माणसाला हातमोजे आणि हवेशीर खोली मिळालीच पाहिजे. आपण पार्लरमध्ये जातो तेव्हा समोरच्या मुलीच्या हातात मोजे आहेत का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

पुडीतल्या सूचनेप्रमाणे चाचणी अशी घ्यायची : कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी कातडी धुऊन तिथे तयार कलपाचा ठिपका लावायचा, वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुऊन पाहायचं. प्रत्येक वापराआधी हे करायचं, कारण ॲलर्जी मधल्या काळात जडू शकते. यात माझी एक भर आहे. ही प्रतिक्रिया बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट लावतात तेव्हा तीही अठ्ठेचाळीस तासांनी आणि पुन्हा त्यानंतर वाचतात. म्हणून चोवीस तासांवर न थांबता दोन दिवस वाट पाहावी. पूर्वी काळ्या मेंदीने हातावर फोड आले असतील तर चाचणीच्या भानगडीतही पडू नये, कलप सोडून द्यावा. भुवया, पापण्या आणि मिशांच्या टोकांना कलप लावू नये. तयार केलेला उरलेला कलप वाटीत झाकून ठेवायची सवय अनेक घरांत असते. ती मोडावी, तो लगेच ओतून टाकावा. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशा कपाटात ठेवू नये, आणि सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

कलप कुणाच्याही पोटात गेला, मुद्दाम किंवा चुकून, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, दूध पाजत बसू नका. माणूस ठीक दिसतोय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, कारण सूज काही तासांनी येते. पुडी किंवा बाटली सोबत घ्या, १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि अतिदक्षता विभाग व डायलिसिस असलेल्या रुग्णालयात थेट न्या. तिथल्या डॉक्टरांना 'केसांचा रंग' हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.